खोकल्यामागचा ‘तो’ कोण?

एका तासात न्यूमोनियाच्या जंतूचं नाव सांगणारी टेस्ट पुण्यात आलीय. शिरूर-दौंडला काय आलंय?

‘पप्पांना तीन दिवस ताप आहे. छातीत कफ झालाय म्हणे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, तू टेन्शन घेऊ नको.’

खराडी, मगरपट्टा किंवा हिंजवडीच्या क्यूबिकलमध्ये बसून गावाकडचा असा फोन तुम्ही कधी ना कधी घेतला असेल. मग आपला पहिला प्रश्न ठरलेला, ‘गोळ्या कुठल्या?’ दुसरा प्रश्न, ‘एक्स-रे काढला का?’ तिसरा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. जंतू कुठला आहे?

विचारणार तरी कसा? या प्रश्नाला उत्तर असतं हेच आपल्याला माहीत नसतं. खरं तर टेस्टच्या बाबतीत आपण पुणेकर तसे सीनियर. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि ‘एनआयव्हीचा रिपोर्ट आला का?’ हे वाक्य घराघरांत पोचलं. मार्च २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या देशी आरटी-पीसीआर किटला मान्यता मिळाली, तेही पुण्याच्याच मायलॅबचं. त्यानंतर ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द भाजीवाल्या मावशींनाही पाठ झाला. पण हे सगळं व्हायरसच्या वाट्याला आलं. न्यूमोनिया करणारे बॅक्टेरिया आपल्यापेक्षा कितीतरी जुने पापी, तरी त्यांच्या नावाची चौकशी आजही बहुतेक वेळा अंदाजपंचे चालते.

नाव कळून काय होतं?

सगळं काही! न्यूमोनिया हा एक आजार नाही. फुफ्फुसातल्या हवेच्या फुग्यांमध्ये पाणी, पू साचणं एवढंच त्या शब्दाचा अर्थ सांगतो. ते कुणी केलं, हे सांगत नाही. न्यूमोकोकस असेल तर पेनिसिलीनच्या घराण्यातलं साधं औषध बऱ्याचदा पुरतं. मायकोप्लाझ्मा असेल तर तेच औषध फुकट, कारण पेनिसिलीन जंतूची भिंत पाडतं आणि या पठ्ठ्याला भिंतच नसते! ऑफिसला जात-येत, खोकत-खोकत अंगावर काढतात तो ‘चालता-फिरता न्यूमोनिया’ बऱ्याचदा याचाच. लीजनेला नावाचा जंतू पाण्याच्या टाक्या आणि मोठ्या एसीच्या कूलिंग टॉवरमध्ये मजेत राहतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या संमेलनानंतर लोक पटापट आजारी पडले, तेव्हा तो पहिल्यांदा सापडला. त्याचं औषध वेगळं. आणि क्लेब्सिएला तर साध्या अँटिबायोटिक्सना खिजगणतीतही धरत नाही.

म्हणजे चार जण, लक्षणं एकसारखी, एक्स-रेवर पांढरा डागही जवळपास तसाच, पण औषधं चार. नाव माहीत नसेल तर डॉक्टरसमोर एकच मार्ग उरतो. सगळ्यांना पुरून उरेल असं ‘हेवी’ काहीतरी लिहायचं. त्यात आपणही मागे नसतो. ‘डॉक्टर, जरा स्ट्राँग लिहा ना, सोमवारी प्रेझेंटेशन आहे!’ त्या स्ट्राँगची किंमत पुढे सगळ्यांनाच मोजावी लागते, कारण जंतू शिकतात. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमधल्या एका जीनला तर आपल्या राजधानीचंच नाव चिकटलंय. ‘एनडीएम’मधलं ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली. २०१० मध्ये त्या नावावरून केवढा गदारोळ झाला होता!

तीन दिवस विरुद्ध एक तास

जंतू ओळखायची जुनी रीत म्हणजे बेडका घ्यायचा, काचेवर पसरायचा, रंग लावायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. हा ‘ग्रॅम स्टेन’ १८८४ चा. हान्स ख्रिश्चन ग्रॅम नावाच्या तरुण डॉक्टरने तो शोधला बर्लिनमध्ये, न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसांचे तुकडे तपासताना. पुढची पायरी कल्चर. म्हणजे जंतूला बशीत खाऊपिऊ घालून वाढवायचं आणि मग कुठल्या औषधाने तो मरतो ते पाहायचं. यात दोन-तीन दिवस सहज जातात. त्याआधी पेशंटने एखादी अँटिबायोटिक गोळी घेतली असेल तर बशीत काही उगवतही नाही. आणि आपल्याकडे गोळी न घेता लॅबपर्यंत पोचतो कोण?

नवी रीत जंतू वाढवत बसत नाही, त्याचा डीएनए वाढवते. व्हॉट्सअॅपचा फॉरवर्ड आठवा. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पीसीआरमध्ये नेमकं हेच होतं. ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या १०० कोटींहून जास्त कॉपी तयार होतात, मग तो लपणार कुठे? कॅरी मुलिस या अमेरिकन संशोधकाला ही कल्पना सुचली १९८३ मध्ये. १९९३ मध्ये नोबेल!

आता हेच सगळं एका पाकिटात बसवलंय. ‘बायोफायर’चं न्यूमोनिया पॅनेल हे त्यातलं बडं नाव. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये परवानगी मिळाली. बेडका किंवा श्वासनलिकेतून काढलेला नमुना पाकिटात भरायचा, पाकीट मशीनमध्ये सरकवायचं आणि साधारण तासाभराने रिपोर्ट. १८ बॅक्टेरिया, ८ व्हायरस आणि औषधांना दाद न देणारे ७ जीन एका दमात तपासले जातात. त्यात आपला तो दिल्लीवाला जीनही आला. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटल्समध्ये, खास करून आयसीयूमध्ये, अशी पॅनेल्स आता वापरात आहेत. बिल? काही हजारांचं, बऱ्याच ठिकाणी पाच आकडी.

मास कॉमच्या सिलॅबसमध्ये बॅक्टेरिया नव्हते, पण एक गोष्ट पक्की शिकवली होती. बातमी कुठे संपते ते बघायला जायचं. म्हणून एका बुधवारी मी नगर रोड धरला.

वढूची वही

वाघोलीचं ट्रॅफिक पार केलं की लोणीकंद, मग कोरेगाव भीमा. तिथून आत वळलं की वढू बुद्रुक. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव आपल्याला माहीत असतं. शिरूर तालुक्यातल्या या गावाची आणखी एक ओळख आहे, ती मात्र पुण्यात फारशी कुणाला ठाऊक नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांतल्या घराघरांची नोंद इथे ठेवली जाते. जन्म कुठे झाला, मृत्यू कशाने झाला, कोण गाव सोडून गेलं, कोण नव्याने आलं. कंपनीच्या एचआरलाही इतका डेटा ठेवायला जमणार नाही!

याच गावांतल्या तान्ह्या बाळांनी रोटाव्हायरसच्या देशी लसीच्या चाचणीत भाग घेतला होता. दिल्ली, वेल्लोर आणि आपलं वढू, अशी ती तीन ठिकाणं. लसीला २०१४ मध्ये परवाना मिळाला, २०१६ मध्ये ती सरकारी लसीकरणात आली. आज देशभरातल्या बाळांना जे थेंब मिळतात, त्यात शिरूर तालुक्याचाही वाटा आहे.

हे सांगण्याचं कारण एवढंच की ‘खेड्यात कुठे सायन्स?’ हा आपला शहरी समज आधी बाजूला ठेवायला हवा. या तालुक्याने सायन्सला भरपूर दिलंय. प्रश्न आहे तो सायन्सकडून त्याला परत काय मिळतं, हा.

न्हावऱ्यामार्गे दौंड

सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव. एमआयडीसीच्या शिफ्टची गर्दी, गणपतीच्या गाड्या, मग घोडनदीचं शिरूर. इथून न्हावरे आणि चौफुला करत दौंडला जायचं. दोन्ही बाजूंना ऊस. हंगामात बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या फडाच्या कडेला दिसतात. पाचटाचं छप्पर, आत चूल, चुलीचा धूर, बाहेर कडाक्याची थंडी आणि आत लहान पोरं. न्यूमोनियाला आणखी काय लागतं?

शिरूर काय किंवा दौंड काय, मेन रोडवरच्या पाट्या वाचल्या तर पुण्यासारख्याच. एमडी मेडिसिन, डिजिटल एक्स-रे, २४ तास मेडिकल. पॅथॉलॉजी लॅबच्या पाट्याही आहेत, फक्त त्यांतल्या काहींवर बारीक अक्षरात ‘कलेक्शन सेंटर’ लिहिलेलं असतं. म्हणजे रक्त इथे काढायचं, तपासणी पुण्यात. सीबीसी, शुगर इथल्या इथे होते. कल्चर किंवा पॅनेल म्हटलं की नमुन्याची डबी बर्फाच्या खोक्यात बसून पुण्याला निघते.

आता गणित करा. संध्याकाळी दिलेला बेडका रात्रीच्या गाडीने गेला, सकाळी लॅबमध्ये पोचला, नंबर लागला, रिपोर्ट दुपारी मोबाइलवर. ‘एका तासाची’ टेस्ट अठरा-वीस तासांची झाली! मशीनचा वेग तोच, वाटेत वेळ गेला तो रस्त्याचा. तोवर पेशंटला हेवी सलाईन सुरू झालेलं असतं, कारण वाट बघत बसणं हा पर्याय न्यूमोनियात नसतो. आणि त्यात डॉक्टरचं चुकत नाही.

दोन मशीन, दोन याद्या

पण थांबा. तालुक्याच्या पातळीवर वेगवान डीएनए टेस्ट पोचलीच नाही असं म्हणाल तर ते साफ चूक. पोचलीय, आणि तीही फुकट! फक्त ती एकाच जंतूला ओळखते. टीबीच्या.

टीबीही शेवटी बॅक्टेरियाच. सीबीनॅट नावाच्या मशीनला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये हिरवा कंदील दाखवला. दोन तासांच्या आत टीबी आहे की नाही, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, दोन्ही उत्तरं. पण त्याला एसी हवा, अखंड वीज हवी. मग आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीने ‘ट्रूनॅट’ आणलं. बॅटरीवर चालणारं, सुटकेसमध्ये मावेल एवढं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली आणि त्याच वर्षी कोविडमध्ये ते देशभर कामाला लागलं. आज टीबीची ही तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. गावातल्या आरोग्य केंद्रात दिलेला बेडकाही जवळच्या मशीनपर्यंत पाठवला जातो.

आता मेख ऐका. बायोफायरच्या त्या महागड्या पॅनेलच्या १८ बॅक्टेरियांच्या यादीत टीबीचा जंतू नाही! आणि सरकारी मशीनमधली टीबीची चिप टीबीशिवाय कुणाला ओळखत नाही. दोन मशीन, दोन याद्या, आणि पेशंट मध्ये.

हे मला कागदावरून कळलं नाही. माझे मामा दौंड तालुक्यातले. गेल्या वर्षी त्यांना ताप, खोकला, ‘न्यूमोनियाचा डाग’. गावात लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा कोर्स झाला. आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा ताप. परत गोळ्या, परत थोडं बरं. महिन्याने दम लागायला लागला तेव्हा पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आणलं. पॅनेल झालं, पाच आकडी बिल झालं. रिपोर्ट काय? ‘काही आढळलं नाही.’ सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिसऱ्या दिवशी एका ज्युनिअर डॉक्टरला टीबीची शंका आली, बेडका सीबीनॅटला गेला आणि त्याच दिवशी उत्तर मिळालं. टीबी. तेही मोफत तपासणीत. सहा महिने औषधं चालली, आता मामा ठणठणीत आहेत.

लिव्होफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली औषधं टीबीच्या जंतूलाही थोडीफार दाबतात. पेशंटला बरं वाटतं, निदान लांबतं, घरातल्या बाकीच्यांना लागण होत राहते. म्हणून ‘स्ट्राँग गोळी’ हा विनोदाचा विषय नाही.

मशीन म्हणजे देव नव्हे

मग प्रत्येक तालुक्याला एकेक पॅनेल देऊन टाकलं की झालं? इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

पहिली अडचण नमुन्याची. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. नाकातला नमुना घ्यावा तर न्यूमोकोकस धडधाकट मुलांच्या नाकातही मुक्कामाला असतो. म्हणजे तो सापडला, पण गुन्हा त्यानेच केला का? ‘पर्च’ या सात देशांतल्या मोठ्या अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवलं की दवाखान्यात भरती झालेल्या, एक्स-रेवर न्यूमोनिया दिसणाऱ्या मुलांमध्ये ६१ टक्के वेळा कारण व्हायरस होता आणि जेमतेम २७ टक्के वेळा बॅक्टेरिया. म्हणजे पुष्कळ मुलांना अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. पण नेमकं कुणाला नाही, हे बाहेरून कळत नाही.

दुसरी अडचण अशी की पीसीआरला मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो. औषधाने जंतू मेला तरी रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’. तिसरी, यादीत नाव नसेल तर मशीन गप्प. मामांचं तेच झालं. कुठलं औषध किती चालेल याचं पूर्ण उत्तर आजही कल्चरच देतं.

चौथी गोष्ट सगळ्यात इंटरेस्टिंग. ब्रिटनच्या आयसीयूंमध्ये ‘इन्हेल’ नावाची ट्रायल झाली, निकाल २०२५ मध्ये आला. पॅनेल वापरल्यावर अँटिबायोटिक्सचा वापर जास्त नेमका झाला, हे दिसलं. पण पेशंट बरे होण्याचं प्रमाण निदान पूर्वीइतकं तरी राहतं, हे मात्र सिद्ध झालं नाही. थोडक्यात, नाव कळणं आणि माणूस बरा होणं यांच्यामध्ये एक डॉक्टर लागतो, रिपोर्ट वाचणारा आणि पेशंटकडे बघणारा.

सोलापूर रोडवरची गोष्ट

दौंडहून परतताना हडपसर लागतं आणि तिथेच सीरम इन्स्टिट्यूट. न्यूमोकोकसवरची ‘न्यूमोसिल’ ही त्यांची लस डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आली. जंतूच्या १० प्रकारांपासून ती संरक्षण देते. २०२१ मध्ये न्यूमोकोकसची लस महाराष्ट्राच्या मोफत लसीकरणात आली. दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना, असे तीन डोस. हिमोफिलस या दुसऱ्या मोठ्या गुन्हेगाराची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असतेच. ज्या जंतूला आत शिरूच दिलं नाही, त्याचं नाव शोधायची पाळीच येत नाही. उसाच्या फडावरच्या पोराला महागड्या पॅनेलपेक्षा हे तीन डोस वेळेवर मिळणं हजारपट मोलाचं. अडचण एकच, त्याचं घर दर हंगामात जागा बदलतं.

हे लक्षात ठेवा

• श्वास मोजा. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन ते बारा महिन्यांत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. श्वास घेताना छाती खाली आत ओढली जात असेल तर लगेच हॉस्पिटल.

• मोठ्या माणसांत मिनिटाला ३० श्वास, बोलण्यात असंबद्धपणा, लो बीपी आणि वय ६५ च्या पुढे, या गोष्टी ‘बघू उद्या’ म्हणण्याच्या नाहीत. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर गावच्या घरी ठेवून या. ९४ च्या खाली आकडा गेला तर डॉक्टर गाठा, ९० च्या खाली तर गाडी काढा.

• दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा कोर्स करूनही परतलेला ताप दिसला तर टीबीची डीएनए टेस्ट मागा. सरकारी रुग्णालयात ती मोफत आहे. टीबी निघालाच तर औषधंही मोफत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी दरमहा १,००० रुपये.

• गोळ्यांच्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मित्राचा उरलेला कोर्स तर नाहीच नाही.

• पेशंट भरती होणार असेल तर एक प्रश्न नक्की विचारा. ‘अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरसाठी नमुना घेता येईल का?’ पेशंट गंभीर असेल तर मात्र औषध आधी.

यादी वाढवा!

ट्रूनॅटने एक गोष्ट सिद्ध केलीय. बॅटरीवरचं मशीन, तालुक्याचं रुग्णालय, मोफत टेस्ट आणि उत्तराला जोडलेलं मोफत औषध, ही साखळी आपल्याकडे चालते. टीबीसाठी ती उभी राहिली, कारण सरकारने ठरवलं की या आजाराचा अंदाज बांधायचा नाही, तपासायचं. न्यूमोनियासाठी तसं अजून कुणी ठरवलेलं नाही. शिरूरला तेहेतीस टार्गेटची यादी नको. न्यूमोकोकस, हिमोफिलस, मायकोप्लाझ्मा, क्लेब्सिएला आणि सोबत टीबी, एवढी पाच नावं एका स्वस्त चिपवर आली तरी तिथल्या डॉक्टरचं निम्मं काम सोपं होईल.

मशीन बनवणारे लोक गोव्यात आहेत, लस बनवणारे हडपसरला, गावागावाचा हिशेब ठेवणारे वढूला. सगळं एका दिवसाच्या ड्राइव्हवर! अशी सोय जगात किती ठिकाणी असेल?